शंभरावं नाव

सालो क्रीकच्या शाळेवर तेहतीस वर्षं एकाच माणसाचं राज्य होतं, आणि ते माणूस हेडमास्तर नव्हतं. हेडमास्तर काय, येत आणि जात. दोन हिवाळे काढले की त्यांना दक्षिणेकडची एखादी बरी नोकरी दिसायची. डार्लीन पेल्कोला ही बाई मात्र ऑफिसात दाराकडे तोंड करून बसलेली असायची. उशिरा येणारं प्रत्येक पोर तिच्या टेबलासमोरून जाई, आणि जाताना मान खाली घाली. काहींचे आईबापही तशीच मान घालून त्याच टेबलासमोरून गेले होते.

शाळा केवढी, तर पहिलीपासून बारावीपर्यंत मिळून शंभरेक पोरं. हजेरीपट डार्लीनकडे. गैरहजर पोराच्या नावापुढे दोनपैकी एक शेरा पडायचा, ‘सकारण’ किंवा ‘विनाकारण’. कुठला पाडायचा ते कायद्यात कुठेतरी लिहिलेलं असेल, पण सालो क्रीकमध्ये ते डार्लीनच्या मनावर होतं. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की निम्मे पोरगे बापाबरोबर रानात जात. पहिल्या दिवशी तर शाळेलाच सुट्टी. पुढचे चार दिवस बाप लोक कशाच्याही कागदावर दोन ओळी खरडून पाठवत, कुणी तर काडतुसांच्या खोक्याचं झाकण फाडून. डार्लीन सगळ्यांना ‘सकारण’ लिहून मोकळी होई. पण कँडिस रांटाच्या पोरीला ताप आला, तर डार्लीनला डॉक्टरचा कागद लागायचा.

कँडिसवर तिचा राग जुना. सहा वर्षांपूर्वी कँडिसनं मोफत जेवणाचा अर्ज भरून दिला होता, आणि डार्लीननं तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला होता. नवरा नाही, कमाई इतकी, माणसं दोन. कँडिस तिथेच तडकली. ‘‘माझी गरिबी लाउडस्पीकरवर लावा ना, मिसेस पेल्कोला!’’ असं ओरडली. इतक्या वर्षांत डार्लीनशी त्या काउंटरवर आवाज चढवून कुणी बोललं नव्हतं. डार्लीन असल्या गोष्टी विसरत नसे. ती त्या मनाशी जपून ठेवी आणि वेळ आली की वापरी.

कँडिसची पोरगी ब्रिन. नववीत असताना वर्षात तिचे सत्तावीस दिवस बुडाले. सत्तावीसच्या सत्तावीस ‘विनाकारण’. दहा झाले तेव्हा पहिलं पत्र गेलं, पंधराला दुसरं, आणि एप्रिलात कोर्टाचं बोलावणं. पत्रांवर सही हेडमास्तरांची, मजकूर डार्लीनचा.

त्याच उन्हाळ्यात सरकारनं ऑनलाइन शाळांच्या जागांवरची मर्यादा उठवली. आता राज्यातल्या कुठल्याही गावच्या पोरानं घरबसल्या स्क्रीनपुढे शिकावं, फी नको, पैसे सरकारच भरणार, म्हणजे आपल्या गावच्या शाळेला मिळायचे तेच पैसे पोराबरोबर तिकडे जाणार. ऑगस्टच्या जत्रेत असली शाळा चालवणाऱ्या एका कंपनीचा मांडव लागला. पांढरे दात दाखवणारी दोन तरुण माणसं पोरांना फुकट फ्रिस्बी आणि पॉपकॉर्न वाटत होती. वर फलक होता, ‘तुमचं मूल, तुमची निवड’. डार्लीननं त्यांच्या टेबलावरची पत्रकं ओंजळभर उचलली, सरळ प्रदर्शनातल्या डुकरांच्या गोठ्यापाशी गेली आणि आत टाकली. ‘‘डुकरांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं,’’ हे ती नंतर महिनाभर सांगत होती. गाव हसलं. हसता हसता अकरा पोरं पटावरून गेली, आणि त्यातली एक ब्रिन होती.

पट नव्व्याण्णववर आला. शाळा समितीनं जूनमध्येच ठरवून टाकलं होतं, की ऑक्टोबरच्या मोजणीत शंभर भरले नाहीत, तर वरचे चार वर्ग पुढच्या वर्षीपासून बंद. नववीपासून पुढची पोरं बसनं बेल्नॅपला जातील. बेल्नॅप बेचाळीस मैल. आणि आमच्याकडचा हिवाळा म्हणजे काय ते सांगत बसत नाही.

डार्लीनचा नातू कोल अकरावीत होता. त्याचा बाप, म्हणजे डार्लीनचा मुलगा, झाडं तोडताना ओंडक्याखाली गेला, तेव्हा कोल चार वर्षांचा होता. आई ग्रीन बे शहरात निघून गेली ती गेलीच. पोराला डार्लीननं वाढवलं. बास्केटबॉलमध्ये गावातल्या पोरांत त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता, आणि बापासारखं आपणही सालो क्रीकचाच शर्ट घालून शेवटचं वर्ष खेळायचं, एवढंच त्याचं स्वप्न होतं. त्या स्वप्नासाठी डार्लीनला एक नाव हवं होतं.

मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी. त्या दिवशी जो जीव शाळेत हजर, तो धरायचा. म्हणून त्या दिवशी शाळा म्हणजे लग्नघर असतं. स्वयंपाकीणबाईनं पहाटेपासून भट्टीत पन्नुकाक्कू लावला होता, अंड्यादुधाचा तो जाड गोड पॅनकेक, वर रासबेरीचा जॅम. तो एरवी मिळत नाही, म्हणून दांडीबहाद्दरसुद्धा त्या दिवशी येतात. जी येत नाहीत, त्यांना डार्लीन शाळेची व्हॅन घेऊन अंथरुणातून उचलून आणते. त्या सकाळी तिनं तीन पोरं आणली. एकाच्या अंगात ताप होता. त्याला ऑफिसातल्या कॉटवर आडवं केलं, त्याच्या नावापुढे हजर लिहिलं, आणि मग त्याला गोळी दिली.

दहा वाजता नव्व्याण्णव झाले. हेडमास्तर लिंडाल ऑफिसात आले आणि दार लोटून उभे राहिले. ‘‘एक, डार्लीन. फक्त एक.’’

‘‘मला मोजता येतं.’’

‘‘रांटांची मुलगी? आज परत नाव घातलं आणि वर्गात बसली तर चालतंय. मी जिल्ह्याला विचारून घेतलं. पण तिची आई तुझ्याशी बोलेल?’’

‘‘न बोलून जाते कुठे,’’ डार्लीन म्हणाली. तिनं प्रवेशाचा अर्ज घेतला, पन्नुकाक्कूचा एक चौकोन फॉइलमध्ये गुंडाळला आणि व्हॅनची किल्ली उचलली.

एकोणीस मैल खडीचा रस्ता. त्या रस्त्यावर तिला जे आठवलं ते इथे सांगितलंच पाहिजे, कारण गावात तिनं ते कुणाला कधी सांगितलं नाही. ब्रिन आजारी पडत नव्हती. ब्रिन बसला भीत होती. बसच्या मागच्या बाकावर कोल आणि त्याचे चार दोस्त बसायचे. कँडिस वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढते, म्हणून त्यांनी पोरीचं नाव ‘डायपर’ ठेवलं होतं. ती चढली की सगळे नाक दाबायचे. जानेवारीत कोलनं तंबाखूच्या पिंका टाकायची आपली बाटली तिच्या जॅकेटच्या टोपीत रिकामी केली. फेब्रुवारीत तिचं दप्तर चालत्या बसमधून बर्फात भिरकावलं. बस चालवणारा म्हातारा वॉल्ट हुहता सरळ माणूस. त्यानं तीनदा चिठ्ठी लिहिली, नियमाप्रमाणे ऑफिसात आणून दिली. तीन चिठ्ठ्या हेडमास्तरांपर्यंत पोचल्या की पोरगा वर्षभर संघाबाहेर. ऑफिसात म्हणजे डार्लीनच्या हातात. तिनं तिन्ही फाडून टाकल्या, आणि कोलला घरी एवढंच म्हणाली, ‘‘जरा जपून.’’ मग ब्रिनच्या नावापुढे पुन्हा ‘विनाकारण’ लिहिलं. ज्या बाईला कारण पक्कं माहीत होतं, तिनंच ते लिहिलं. याला गावठी भाषेत काय म्हणतात ते वाचणाऱ्यानं स्वतःच ठरवावं.

रांटांचं घर म्हणजे ट्रेलर, चाकांवरचं लांबट पत्र्याचं घर. छपरावर इंटरनेटची नवीकोरी थाळी. कँडिस रात्रपाळी करून आली होती, अजून आश्रमाच्या निळ्या कपड्यांत होती. तिनं दार अर्धंच उघडलं.

‘‘अय्या, मिसेस पेल्कोला! माझ्या दारात? कोण मेलं?’’

‘‘अजून कुणी नाही. आत घेशील का?’’

‘‘पायपुसणं बाहेरच आहे. त्याच्यावर उभ्या राहा, पाय गार पडणार नाहीत.’’

डार्लीननं ते गिळलं. ‘‘आज मोजणी आहे, कँडिस.’’

‘‘ठाऊकाय. मीही त्याच शाळेत होते. पन्नुकाक्कू खाल्लाय मी पण.’’ कँडिसनं फॉइलकडे बघितलं. ‘‘आणलात वाटतं. किती भरले?’’

‘‘नव्व्याण्णव.’’

कँडिस हसायला लागली. हसताना तिला दाराचा आधार घ्यावा लागला. ‘‘अगं बाई! म्हणजे माझ्या पोरीसाठी आलात? जी एप्रिलात तुम्हाला दांडीबहाद्दर होती, खोटारडी होती, ती आज सकाळी अकराच्या आत हवी झाली?’’

‘‘मला नको, गावाला हवीय. शाळा गेली तर या गावात राहतं काय? एक पेट्रोल पंप आणि दोन दारूची दुकानं.’’

‘‘गावानं कोर्टात यायचं होतं माझ्याबरोबर. याच कपड्यांत उभी राहिले मी न्यायाधीशापुढे. ते म्हणतात, बाई, पोरीला बसमध्ये त्रास होतो म्हणता, पण शाळेकडे एकही तक्रार नाही. पोरगी खोटं बोलतेय. तिच्यासमोर म्हणाले हो! घरी येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही.’’

डार्लीनची नजर पायपुसण्यावर गेली. मग तिनं मोर्चा फिरवला, कारण माफी मागण्यापेक्षा भांडण तिला सोपं जाई. ‘‘म्हणून काय त्या डबड्यापुढे बसवायचं तिला? ना मैत्रीण, ना मैदान. मास्तर तिकडे कुठल्या शहरात बसलाय देव जाणे, त्याला पोरीचं तोंड तरी माहितेय का? त्या कंपनीला तुझी पोरगी म्हणजे एक आकडा आहे, कँडिस. निव्वळ आकडा.’’

‘‘आणि तुम्हाला?’’ कँडिस म्हणाली. ‘‘शंभर नंबर. फार मोठा फरक झाला.’’

डार्लीननं फॉइलचं पुडकं या हातातून त्या हातात घेतलं.

‘‘आणि निवड म्हणतात तिला,’’ कँडिसचा आवाज चढला. ‘‘आमच्यासारख्यांना जन्मात पहिल्यांदा काहीतरी निवडायला मिळालं, तर तुम्ही ते डुकरांना घातलंत. ऐकलं मी. हसले पण, खोटं कशाला बोलू. पण तिकडे तिला केमिस्ट्री शिकवतात. तुमच्याकडे केमिस्ट्री कोण घेतं? व्यायामाचा मास्तर! त्याला मीठ आणि सोडा ओळखता येतो का तरी?’’

आत टेबलाशी पाठमोरी बसलेली ब्रिन उठली. कानावरचे हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि दारात आली. पंधराची पोर, पण चेहऱ्यावर थकवा पन्नाशीचा.

‘‘आई, मी जाते,’’ ती म्हणाली.

कँडिसचं तोंड उघडंच राहिलं. ‘‘कुठे जातेस?’’

‘‘शाळेत. अभ्यास इथे बरा होतो गं. पण बारा वाजता मी भिंतीकडे बघत जेवते. तू झोपलेली असतेस. पहिलीतल्या पोरांना मी शुक्रवारी गोष्टी वाचून दाखवायचे, ती विचारतात म्हणे माझ्याबद्दल.’’ मग ती डार्लीनकडे वळली. ‘‘मी येते, मिसेस पेल्कोला. आज येते आणि बारावी होईपर्यंत तिथेच राहते. बसनं नाही, आई सोडेल. फक्त एक कागद मला हवा.’’

‘‘अर्ज आणलाय मी,’’ डार्लीन घाईनं म्हणाली. तिनं पेनाचं टोपण काढलंसुद्धा. शंभर झाले होते.

‘‘तो नाही. वॉल्टकाका मला जूनमध्ये पंपावर भेटले. म्हणाले, मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या, पोरी, तीनही ऑफिसात दिल्या. मी हेडमास्तरांना विचारलं, ते म्हणाले एकही आली नाही. ते खरं बोलत होते, मला कळलं ते. मग मधे कोण उरतं?’’

कँडिसनं लेकीकडे बघितलं, मग डार्लीनकडे. तिला हे आत्ताच कळत होतं.

‘‘मला कुणाला शिक्षा नकोय,’’ ब्रिन म्हणाली. ‘‘कोलला पण नको. तुम्ही फक्त लिहून द्या, की चिठ्ठ्या आल्या होत्या. ब्रिन खोटं बोलत नव्हती. दोन ओळी, खाली सही. मी तो कागद कोर्टात नेणार नाही, माझ्याजवळ ठेवीन. लगेच दप्तर घेते.’’

पेन डार्लीनच्या हातात होतं. अर्जाच्या मागची बाजू कोरी होती. दोन ओळींचा प्रश्न होता, आणि दोन ओळी लिहायला तिच्यासारख्या बाईला अर्धा मिनिट पुरलं असतं. शाळा वाचली असती. कोलचं शेवटचं वर्ष वाचलं असतं. पण कागद म्हणजे कागद. तेहतीस वर्षं तिनं दुसऱ्यांचे कागद जपून ठेवले होते आणि वेळ आल्यावर त्यांच्यासमोर काढले होते. तिला स्वतःसारखीच माणसं माहीत होती. ही पोर असा कागद नुसता उशाशी ठेवून झोपेल, हे तिला खरंच वाटलं नाही. नोकरी जाईल, कोल संघाबाहेर जाईल, आणि गावात तिच्या नावानं थुंकतील. समोर उभ्या पोरीच्या डोळ्यांत तसलं काहीच नव्हतं, पण ते बघायला आधी डोळे वर करावे लागतात.

‘‘वॉल्ट सत्तरीला आलाय,’’ डार्लीन म्हणाली. ‘‘त्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. चिठ्ठ्याबिठ्ठ्या मला काही माहीत नाही.’’



‘‘बरं,’’ ब्रिन म्हणाली. हेडफोन परत कानावर चढवले, टेबलाशी जाऊन बसली आणि वही उघडली. रडलीबिडली नाही. डार्लीनला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं.

कँडिसनं दार लावायच्या आधी फॉइलचं पुडकं तिच्या हातात परत कोंबलं. ‘‘कोलला द्या,’’ ती म्हणाली. ‘‘आणि पुन्हा या पायरीवर चढलात, तर मी कोर्टात जाईन, कागद असो नसो. चला, निघा.’’

मोजणी नव्व्याण्णववर थांबली. लिंडालनं विचारलं, तेव्हा डार्लीन म्हणाली, ‘‘आईनं अंगावर कुत्रं सोडायचं बाकी ठेवलं.’’ रांटांकडे कुत्रं नाही.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहाला जिममध्ये सभा झाली. सगळं गाव लोटलं होतं. समितीनं निर्णय वाचून दाखवला आणि म्हाताऱ्या बायांनी रुमाल काढले. मग कुणीतरी ओरडलं, ‘‘डार्लीनला बोलू द्या!’’ ती माइकपाशी गेली आणि बोलली, आणि काय बोलली! पोरांना माणसांतून उचलून डबड्यात घालणाऱ्यांवर बोलली. फुकटच्या फ्रिस्बीवर पोटची पोरं विकणाऱ्या आयांवर बोलली. निवड निवड करत गावाच्या मुळावर उठलेल्यांवर बोलली. त्यातलं निम्मं खरंही होतं, आणि तेच वाईट होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटा वॉल्ट हुहता जॅकेटच्या खिशात हात घालून बसून राहिला. तो तिच्याकडे बघतोय हे तिला दिसलं, आणि तिनं आवाज आणखी चढवला.

सभा संपली. लोक एकमेकांना मिठ्या मारत, शिव्या देत बाहेर पडले. कोल चार दोस्तांबरोबर बास्केटखाली उभा होता. सहा फूट उंच पोरगा, डोळे लाल झालेले. डार्लीन जवळ गेली तसा तो बाह्यांनी नाक पुसत म्हणाला, ‘‘मुम्मू, एकच कमी पडलं ना गं?’’ आजीला तो मुम्मू म्हणे.

‘‘हो रे राजा. एकच.’’

‘‘कोण? लिंडाल म्हणत होते, तू एका घरी गेली होतीस. कोण आलं नाही?’’

दोस्तही तिच्याकडे बघू लागले. पाचही जणांच्या तोंडावर राग होता, आणि तो कुणावर काढायचा हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाच दिवसांपूर्वी तिला तेच दोन शब्द किती सहज म्हणता आले होते.

‘‘रांटाची ब्रिन,’’ डार्लीन म्हणाली.

कोलनं मान हलवली. तो दोस्तांकडे बघून काहीतरी पुटपुटला. पाचही पोरं बाहेर गेली, आणि पार्किंगमधून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. रांटांच्या घरापर्यंत एकोणीस मैल खडीचा रस्ता होता, सात वाजून गेले होते, आणि कँडिसची रात्रपाळी सातला सुरू व्हायची, हे डार्लीनला कँडिसच्या अर्जांवरून पाठ होतं. तिनं हाक मारली नाही. तिनं खुर्च्या एकेक करून मिटल्या आणि भिंतीला लावल्या.